रुमालाखालचा आवाज

दिवसातून दोनदा त्रिशला चाळीस सेकंदांसाठी ठार बहिरी व्हायची, आणि तेही स्वतःच्या हाताने. संध्याकाळी साडेपाचला एकदा आणि सात वाजता एकदा. उजव्या कानामागे, केसांच्या आत, हाडावर एक छोटा उंचवटा होता. त्यावर दोन बोटं दाबून धरली की सगळे आवाज एकदम बंद. तिचा नवरा सन्मती या प्रकाराला इतका सरावला होता, की तिचा हात कानामागे गेला की तो वाक्य अर्ध्यावर सोडायचा आणि चाळीस सेकंदांनी तिथूनच पुढे उचलायचा.

ती हे का करते, ते सन्मतीला माहीत होतं. आप्पांना नव्हतं. त्रिशलाचे वडील भूपालआप्पा मगदूम, वय वर्षं शहात्तर, यांचा समज असा, की यंत्राला मधूनमधून विसावा लागत असणार. बैलाला लागतो, मोटारीला लागतो, मग कानाला का लागू नये?

खरी गोष्ट अशी होती, की साडेपाच ते सात हा वेळ आप्पांचा होता. दिवस मावळायच्या आत जेवायचा जैनांचा नेम त्यांनी जन्मभर पाळला होता, आणि आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले तेव्हा तो नेम त्यांच्याबरोबर घरात आला. साडेपाचला ताटं वाढायची. जेवण वीस मिनिटांत आटपायचं, पण आप्पा जागचे हलायचे नाहीत. सांगलीच्या हळदीच्या बाजारात त्यांची हयात गेली होती आणि त्या बाजारातला एकूण एक माणूस त्यांच्या जिभेवर जिवंत होता. ते बोलायचे, त्रिशला ऐकायची. फक्त त्या दीड तासासाठी ती तिचा जुना कान लावून बसायची.

जुना कान म्हणजे काय, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

त्रिशला जन्मतः बहिरी. साडेतीन वर्षांची होईपर्यंत तिला ना आवाज ठाऊक, ना शब्द. आईबापांनी देव केले, डॉक्टर केले. त्या दिवसांत आप्पांना एकच विद्या नीट येत होती, ती त्यांनी लेकीवर चालवली. बाजारात पूर्वी हत्त्याचे सौदे व्हायचे. सौदा करणारे दोघे समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचे. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. तळव्यावर आधी अंगठा दाबला तर ते दशक. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. पुढे कायद्याने ते बंद झालं आणि झालं तेच बरं, कारण ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाच रुमालाखालचं काही दिसायचं नाही. पण आप्पांच्या बोटांत ती भाषा राहून गेली होती. त्यांनी चौकड्यांचा मोठा रुमाल पोरीच्या इवल्या हातावर टाकला. एक बोट धरलं की पाणी. दोन म्हणजे जेवण. तीन म्हणजे आई. चार म्हणजे चल, फिरायला जाऊ. आणि अख्खी मूठ धरून हलवली की बाजारात त्याचा अर्थ ‘सौदा पक्का’, घरात त्याचा अर्थ ‘मी आहे’. रुमालाशिवाय पोर बोटं द्यायचीच नाही. तिला तो लपंडाव वाटायचा.

चौथ्या वर्षी मिरजेत तिच्या कानात यंत्र बसवलं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात बारीक तारेवर सोळा टाचण्या सरकवल्या. कानामागच्या हाडात एक चिप. बाहेरचा आवाज चिप पकडणार, त्याचे सोळा तुकडे करणार आणि त्या टाचण्यांतून मज्जातंतूंना टोचणार. आता पोरगी धावत येऊन ‘आप्पा’ म्हणेल, असं सगळ्यांना वाटलं. ती किंचाळून आईच्या पदरात शिरली. कारण कानाला नुसता आवाज मिळून भागत नाही, मेंदूला त्याचा अर्थ लावता यावा लागतो, आणि तिला तो पत्र्यावर खडे ओतल्यासारखा लागत होता. तेव्हा मिरजेच्या दवाखान्यातल्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की तिला जे आधीपासून कळतं, त्याच्या जोडीने आवाज द्या. आप्पांनी पुन्हा रुमाल काढला. एक बोट धरायचं आणि म्हणायचं, ‘पाणी’. दिवसाला दोनशे वेळा. पाचव्या महिन्यात आप्पा नुसतं ‘पाणी’ म्हणाले आणि पोरीने तांब्याकडे पाहिलं.

म्हणजे जगातला पहिला आवाज तिला कळला तो आप्पांचा. बाकीचे सगळे आवाज त्या एका आवाजाला धरून शिकलेले.

नवा कान पाच वर्षांपूर्वीचा. टाचण्यांतली वीज आजूबाजूला पसरते, त्यामुळे जुन्या यंत्रात आवाज एकमेकांत मिसळायचे, शाई ओल्या कागदावर पसरावी तसे. नव्या पद्धतीत वीज नाही, उजेड. आधी एका इंजेक्शनने कानातल्या मज्जापेशी उजेडाला जागणाऱ्या केल्या आणि मग टाचण्यांच्या जागी एकशे वीस सूक्ष्म दिव्यांचा धागा घातला. हाडातली जुनी चिप मात्र काढली नाही. ती चेहऱ्याच्या नसेला खेटून बसली होती, उकरायला गेलं तर तोंड वाकडं व्हायची भीती. तिच्यातच नवी प्रणाली भरली.

आणि जग काय उघडलं! खारीचं चिरकणं, दुधाला उकळी यायच्या आधीची सळसळ, स्वतःच्या बांगड्या. त्रिशला आठवडाभर वेड्यासारखी घरभर वस्तू वाजवत फिरली. मग मागून कुणी तरी घोगऱ्या, बारीक आवाजात म्हणालं, “चहा टाकतीयास व्हय?” कोण पाहुणा आला म्हणून तिने वळून पाहिलं. आप्पा होते.

डॉक्टर म्हणाले, सवय होईल. तिला सवय करून घ्यायची नव्हती. बाजार समितीच्या प्रयोगशाळेत ती हळदीचे नमुने तपासायची, तिथली सगळी यंत्रं तिच्याच हाताखालची, त्यामुळे संगणकाचं पोट उघडायला ती घाबरत नसे. चिपच्या एका कोपऱ्यात जुनी प्रणाली अजून होती. ती तिने जागी केली, तशी त्याच दिव्यांतून जुना, सोळा तुकड्यांचा आवाज परत आला. एका चिपमध्ये दोन प्रणाली, पाहिजे ती चालू करायची.

हे आप्पांना समजावणं सोपं होतं, कारण सांगलीजवळ हरिपुरात पेवं होती. हळद साठवायला जमिनीत खणलेले विहिरीएवढे खोल खड्डे, आत शेकडो पोती आणि वर तोंड एवढंसं, की माणूस अंग चोरून उतरेल. तोंडावर फरशी, फरशीवर माती. चिपचंही तसंच. आत दोन मोठी पेवं, जुनं आणि नवं. वर एक चिमुकली जागा, तिला आरंभाचा कप्पा म्हणायचं. यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी तेवढाच कप्पा वाचला जातो. कुठलं पेव उघडायचं आणि त्याचं तोंड कुठे आहे, हे त्यात लिहिलेलं असतं.

“आणि त्यातलं पुसलं तर?” आप्पांनी एकदा विचारलं होतं.

“तर हळद आत असून नसल्यासारखी.”

“आमच्या आज्याचं झालतं तसं,” आप्पा म्हणाले. “पेवाचं तोंड कुठंय ते सांगायच्या आत गेला. तीन वर्षं त्या हळदीवर बसून जेवलो आम्ही.”

एवढं सगळं त्यांना कळत होतं. दुसरं पेव कुणासाठी राखलंय, तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

*

सगळं सुरळीत चाललं असतं, पण घरात चेलना आली. सात महिन्यांची, टकली, आजोबांच्या मिशांची शत्रू.

त्या दिवशी जेवणं झाली होती. चेलना मागच्या खोलीत झोक्यात झोपली होती. आप्पा एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगत होते. रुमालाखाली सौदा करताना समोरच्याला सहावं बोट आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून बिचारा एक बोट चढा भाव देऊन बसला. त्रिशला पोट धरून हसत होती. आप्पा स्वतःच्याच गोष्टीवर हसताना खोकत होते. तेवढ्यात सन्मती फाटकातून पळतच आत आला, दोघांच्या मधून गेला आणि मागच्या खोलीतून चेलनाला उचलून घेऊन आला.

पोरीचा पाय झोक्याच्या जाळीत अडकला होता. घोट्याभोवती लाल वळ उठला होता. रडून रडून तिचा आवाज बसला होता आणि नुसते हुंदके येत होते.

“किती वेळ रडत होती?” सन्मतीने विचारलं.

दोघांनाही सांगता येईना. जुन्या कानाला उंच, बारीक आवाज दुरून पकडता यायचे नाहीत आणि आप्पांच्या म्हाताऱ्या कानांनाही. सन्मती भांडखोर नव्हता. पण लेकराच्या पायावरचा वळ पाहून त्याचा तोल गेला.

“मग याच वेळेला तो जुना कान लावून कशाला बसतेस? मामांचा आवाज नव्यात येत नाही का? येतो की! तुला तसला नको असतो!”

बोलून गेला आणि त्यालाच कळलं, की नको ते बोललो. आप्पांनी आधी जावयाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“काय म्हणतोय हा, तिशे?”

त्रिशलाला खोटं बोलता आलं नाही. “नव्या कानात तुम्ही... तुम्ही वाटत नाही, आप्पा. दुसरंच कुणी तरी वाटतं.”

आप्पा मग उठता उठता म्हणाले, “माझ्यापायी लेकराला रडत ठेवलंस व्हय? काढून टाक तो जुना. आजच्या आज.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाचलाच एकट्याने जेवायला सुरुवात केली. गप्पा बंद. काही विचारलं तर मान हलवायची, फार झालं तर हूं. आपण बोललोच नाही तर पोरीला तो कान लावावा लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. रागावले असते तर त्रिशलाने समजूत काढली असती. हा राग नव्हता, प्रेमच होतं, आणि त्यावर तिच्याजवळ इलाज नव्हता.

म्हणून तिने दोन्ही राखायचं ठरवलं. आरंभाच्या कप्प्यासाठी एक नवा कारभारी, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, निघाला होता. चाळीस सेकंदांऐवजी दोन सेकंदांत कान बदलणारा. शिवाय लेकराच्या रडण्याची चाहूल लागली तर आपण होऊन नवा कान जागा करणारा. आप्पाही राहतील आणि चेलनाही. रविवारी दुपारी चेलनाला सन्मतीकडे देऊन ती लॅपटॉप घेऊन बसली.

कप्प्यात जागा नव्हती. पाच वर्षांत जितक्या सुधारणा आल्या, तितक्या जुन्या नोंदी तशाच पडून होत्या. मूळची पहिली धरून एकूण सात. नव्या कारभाऱ्याला बसायला एक तरी काढायला हवी होती.

आता इथे दुसरं कुणी असतं तर कुठली नोंद कुणाला टेकलेली आहे, ते आधी पाहिलं असतं. पण त्रिशला हळदीच्या बाजारात वाढलेली. त्या बाजाराचा पहिला धडा म्हणजे जुनं पोतं आधी बाहेर. जुनी हळद पोरकिडा धरते आणि शेजारच्या पोत्याला लावते. आप्पांच्या कडेवर बसून तिने हे वाक्य हजारदा ऐकलं होतं, प्रयोगशाळेत रोज पाळलं होतं. तिने नोंदी तारखेने लावल्या, सगळ्यात जुनी निवडली आणि पुसली. तारीख होती ती चार वर्षांची असतानाची. तिच्या मनात क्षणभर काही तरी हललंही, पण बोट पुढे गेलं होतं.

मग तिने कानामागे दाबून धरलं.

चाळीस सेकंद झाले. साठ झाले. तिने घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा दाबलं, पुन्हा वाट पाहिली. समोर सन्मतीचे ओठ हलत होते आणि चेलना खुळखुळा जमिनीवर आपटत होती. काहीही ऐकू येत नव्हतं.

*

मिरजेच्या केंद्रात रुबिना बागवान नावाची तंत्रज्ञ होती. तिने यंत्र तपासलं आणि समोरच्या पडद्यावर टाइप करत गेली, म्हणजे त्रिशलाला वाचता येईल.

‘सगळ्यात जुनी नोंद तुम्ही पुसलीत. ती पहिली पायरी होती. नव्या प्रणालीलासुद्धा तिच्यावरूनच वर चढावं लागत होतं. म्हणून दोन्ही बंद. पण दोन्ही आत शाबूत आहेत. घाबरू नका.’

त्रिशलाचा जीव भांड्यात पडला. ‘म्हणजे परत लिहिता येईल?’ तिने टाइप केलं.

रुबिना थोडा वेळ आकडे पाहत राहिली.

‘हा कप्पा कितीदा बदललाय तुम्ही? दर वेळी कान बदलला की यात लिहिलं जातं.’

‘दिवसातून दोनदा. पाच वर्षं.’

‘जुनी चिप आहे. इतक्यांदा लिहायला ती केलेली नव्हती. कप्पा झिजलाय. पाटी पुसून पुसून गुळगुळीत होते तसा. भरवशाने अजून एकदाच लिहिता येईल. त्यानंतर बदल नाही. कुठली तरी एकच प्रणाली कायमची. नवी की जुनी, ते तुम्हाला ठरवावं लागेल.’

चिप बदलायची तर हाड कोरावं लागेल आणि ते आज तरी कुठलाच डॉक्टर करणार नाही, असंही तिने लिहिलं. मग बराच वेळ विचार करून आणखी दोन ओळी लिहिल्या. ‘वडिलांचा आवाज नव्या कानाला शिकवता येतो. पन्नास दिवस लागतील की शंभर, सांगता येत नाही. पाच वर्षांत तुम्ही त्याला संधीच दिली नाहीत. रोज संध्याकाळी परत जुन्याकडे जात राहिलात.’

त्रिशलाने तीन दिवसांची मुदत मागून घेतली.

खरं तर मुदतीची गरज काय होती? चेलना रडली तर ऐकू यायला हवं, यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. शहाणपण एकच उत्तर देत होतं आणि त्रिशलाला ते पाठ होतं. पण ते उत्तर दिलं की आप्पांचा आवाज या जगातून जाणार होता. आप्पा घरात असतील, बोलतील, आणि तरीही जाणार होता. फोनवर सगळ्यांची बोलणी अक्षरं होऊन उमटत होती. सन्मतीची माफी उमटली, ‘मी तसं बोलायला नको होतं. तू ठरवशील ते मला मान्य.’ पण अक्षरांना कुणाचाच आवाज नसतो. आप्पा तर फोनपुढे बोलायलाच तयार नव्हते.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला ताटं उचलून झाल्यावर त्रिशला पडवीत बसली होती. आप्पा आले आणि समोर मांडी घालून बसले. त्यांच्या हातात चौकड्यांचा रुमाल होता. तो तोच होता की तसलाच दुसरा, ते तिला कळलं नाही. त्यांनी रुमाल तिच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात सरकवला.

सत्तावीस वर्षांनी ती बोटं तिच्या बोटांना लागली. सांधे फुगले होते, कातडी सैल झाली होती, पण पकड तीच होती.

आप्पांनी तीन बोटं धरली. आई. तिने मान हलवली, की आई नाही हो, आप्पा. आप्पांनी भुवया उंचावून आत चेलनाकडे बोट केलं आणि मग त्रिशलाच्या छातीवर. पुन्हा तीन. आई तू आहेस आता.

त्रिशलाचे डोळे भरून आले. तिला माहीत होतं ते काय सांगत होते. तिने मोकळ्या हाताने फोनवर लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं. ‘नवाच लावते, आप्पा. पण तुमचा आवाज परत शिकवाल का मला? पहिल्यासारखा?’

आप्पांनी चष्मा सावरून वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम बाजारातला झाला. त्यांनी तळव्यावर अंगठा दाबला, म्हणजे दशक, आणि एक बोट धरलं. दहा दिवस. दहा दिवसांत शिकवतो.

तिने जोरात मान हलवली. तिचा स्वतःच्या मेंदूवर इतका विश्वास नव्हता. तिने त्यांच्या तळव्यावर अंगठा दाबला आणि पाचही बोटं दोनदा धरली. शंभर.

आप्पांनी कपाळावर हात मारला. दोन बोटं. वीस. एवढी ढ न्हाईस तू, असं त्यांचं तोंड स्पष्ट सांगत होतं. तिने आठ दिली. त्यांनी तीन दिली, तोंड फिरवून उठायचं नाटक केलं, पुन्हा बसले. तिने सात दिली आणि रडता रडता तिला हसू आलं, कारण घेणारी आकडा चढवतेय आणि देणारा उतरवतोय, असा उलटा सौदा सांगलीच्या बाजारात कधी झाला नसेल. शेवटी आप्पांनी पाचही बोटं धरली. पन्नास. आणि सोडलीच नाहीत. मूठ आवळली आणि तीनदा हलवली.

सौदा पक्का. घरातला अर्थही तिला आठवत होता.

*

दुसऱ्या दिवशी रुबिनाने त्या झिजलेल्या कप्प्यात शेवटचं लिहिलं. चाळीस सेकंदांनी त्रिशलाला पहिल्यांदा काय ऐकू आलं, तर चेलना सन्मतीच्या खांद्यावर शर्टाची कॉलर चोखत होती तो आवाज. मागून एक घोगरा, बारीक, अनोळखी म्हातारा म्हणाला, “आलं का गं, तिशे?”

त्या दिवशी साडेपाचला शाळा सुरू झाली. आप्पांनी रुमालाखाली एक बोट धरलं आणि म्हणाले, “पाणी.” दोन बोटं. “जेवण.” एकतीस वर्षांच्या, पदवीधर, लेकुरवाळ्या बाईला ते पाणी शिकवत होते आणि ती मान डोलवत होती. सन्मती एकदा हसला आणि आप्पांनी त्याला झोक्याजवळ बसायला पाठवलं. शब्द संपल्यावर आप्पांनी बाजाराच्या गोष्टी काढल्या, सहा बोटांचा माणूस पुन्हा आला, आणि सबंध गोष्टभर त्यांची मूठ तिच्या मुठीत असायची.

विसाव्या दिवशी तिचा धीर सुटला. जुना आवाज आठवायला गेली तर तोही आता नीट आठवेना आणि नवा अजून परकाच होता. ती ताटावरून उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सन्मती दाराशी येऊन उभा राहिला.

“काय झालं?”

“नव्यात त्यांना धाप लागलेली ऐकू येते,” ती म्हणाली. “दोन वाक्यं बोलले की श्वास शिट्टी घालतो. आवाज चिरतो. जुन्यात यातलं काही कळायचंच नाही रे. मी चार वर्षांची असताना जसे होते, तसेच ऐकू यायचे. जुन्यात आप्पा कधी म्हातारेच झाले नव्हते.”

सन्मती तिच्याजवळ बसला. थोड्या वेळाने ती उठली, तोंड धुतलं आणि बाहेर जाऊन रुमालाखाली हात घातला. दुसऱ्या दिवशी ती आप्पांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आप्पांनी वाटभर कुरकुर केली. पंधरा दिवसांत शिट्टी कमी झाली, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं.

एकेचाळिसाव्या दिवशी पाच वाजून गेले होते आणि ती भाकरीचं पीठ मळत होती. चेलना पडवीत आजोबांजवळ होती. त्रिशलाची पाठ दाराकडे, दोन्ही हात परातीत, मन उद्याच्या नमुन्यांमध्ये.

“तिशे, ह्या बयेनं रुमाल तोंडात घातलाय बघ.”

“मग काढा की, आप्पा. आलेच मी.”

तिने आणखी दोनदा पीठ मळलं आणि मग तिचे हात थांबले.

रुमाल तिच्या हातावर नव्हता. कुणी तिची बोटं धरली नव्हती. समोर चेहराही नव्हता. नुसता आवाज आला होता आणि तो कुणाचा, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

ती पिठाच्या हातांनी दारात आली. आप्पा रुमालाचं एक टोक ओढत होते आणि दुसरं चेलनाच्या तोंडात होतं. दोघांपैकी कुणीच सोडायला तयार नव्हतं.

“आप्पा, आत्ता तुम्ही बोललात.”

“मग काय शेजारचा बोलला?” आप्पा म्हणाले, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं. रुमालाचं टोक त्यांच्या हातातून सुटलं. पण माणूस बाजारातला, लगेच सावरला. “एकेचाळीसच झाल्यात. सौदा पन्नासाचा हाय. उरलेलं नऊ दिवस मी सोडायचा न्हाई, आधीच सांगून ठेवतो.”

“सोडा म्हटलंय कुणी?” त्रिशला म्हणाली.

ती तशीच त्यांच्यासमोर बसली. चेलनाच्या तोंडातून ओला रुमाल सोडवून घेतला आणि पिठाचा हात त्याखाली घातला. आप्पांनी आपला हात सरकवला. चेलनालाही तिथे काय चाललंय ते पाहायचं होतं, तेव्हा तिचीही मूठ आत आली. सूर्य मावळायला अजून तासभर होता आणि भाकऱ्या व्हायच्या होत्या. आप्पा त्यांच्या त्या घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात सहा बोटांच्या माणसाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, आणि त्रिशलाने ती मध्ये एकदाही थांबवली नाही.